टाकाची शाई

टाक, बोरू अथवा पीस यांसारखी लेखणी दौतीत वारंवार बुडवून लिहिताना जी शाई वापरतात, तिला टाकाची शाई म्हणतात. लेखणीच्या पोटात साठविल्या जाणाऱ्या झरणीच्या (फाउंटन पेनच्या) शाईहून ती घटकांनी व गुणधर्मांनी वेगळी असते. बाजारात आज सहज मिळणारी द्रवरूप शाई मुख्यत्वे झरणीसाठीच तयार केलेली असते. त्यामुळे सुलेखन, रेखांकन किंवा मोडी लिपीचा सराव यांसाठी टाक वा बोरू हाती घेणारे पुष्कळ जण तीच शाई वापरतात. तसा वापर शक्य आहे; परंतु लेखणी, शाई व कागद ही एकमेकांवर अवलंबून असलेली तीन अंगे असून त्यांपैकी एक बदलले, की उरलेल्या दोहोंत फेरफार करावा लागतो. शिवाय लिहिलेला मजकूर किती काळ वाचता येईल, हे प्रामुख्याने शाईच्या जातीवर अवलंबून असते. म्हणून सरावासाठी चालणारी शाई दस्तऐवजासाठी चालेलच असे नाही.

हा परस्परसंबंध पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या लगतच्या तालुक्यांच्या उदाहरणावरून चांगला स्पष्ट होतो. जुन्नर हे हातकागदाचे जुने केंद्र होते, तर दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या रांगांत, काळ्या शाईला लागणारे टॅनीन ज्यात विपुल असते, तो हिरडा मोठ्या प्रमाणावर आढळतो.

संज्ञा व लेखणीचे प्रकार : ‘शाई’ हा शब्द काळा या अर्थाच्या ‘स्याह’ या फार्सी शब्दावरून आला असून ‘दौत’ हा अरबी ‘दवात’ या शब्दाचे मराठी रूप आहे. संस्कृतात शाईला ‘मषी’ किंवा ‘मसी’ म्हणतात. समर्थ रामदासांच्या दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास आहे (दशक १९, समास १). निरनिराळ्या प्रदेशांतील बोरू आणणे, त्यांची टोके वेगवेगळ्या प्रकारे तोडणे आणि हिंगूळ व अळिता यांसारखी रंगद्रव्ये संग्रही ठेवणे, यांचा विचार त्यात आला आहे. त्यावरून सतराव्या शतकात लेखनसाहित्याची निवड हा जाणीवपूर्वक करावयाचा व्यवहार होता, हे दिसून येते.

बोरू म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या तृणजातीय वनस्पतीचे पोकळ कांडे. ते वाळवून त्याचे एक टोक चाकूने तिरपे तोडतात व मध्यभागी उभी चीर देतात. तिरप्या कापामुळे हाताचा कल न बदलता जाड व बारीक अशा दोन्ही रेषा काढता येतात. मोडी लिपीत प्रथम शिरोरेषा आखून घेऊन तिच्याखाली अक्षरे शक्यतो हात न उचलता सलग लिहीत. अशा लेखनास पुरेशी शाई धरून ठेवणारी व हळूहळू सोडणारी लेखणी लागते आणि बोरूचे तंतुमय अंग या कामास अनुकूल असते.

टाक या शब्दाने पुढे मुख्यतः लाकडी दांडीला धातूचे टोक (निब) बसविलेल्या लेखणीचा बोध होऊ लागला. पोलादी टोके १८२० नंतरच्या काळात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे यंत्रांच्या साहाय्याने मोठ्या संख्येने तयार होऊ लागली आणि एकोणिसाव्या शतकात ती भारतातील कचेऱ्यांत व शाळांत पोहोचली. टाकाच्या टोकाला दोन पाकळ्या, त्यांच्यामधील चीर व चिरेच्या वरच्या अंगास एक छिद्र असते. टाक शाईत बुडविला, की पृष्ठताणामुळे टोकाच्या पोटाशी शाईचा थेंब चिकटून राहतो. लिहिताना दाब पडून पाकळ्या फाकतात व केशाकर्षणाने शाई चिरेतून कागदावर उतरते. या रचनेत शाईचा प्रवाह रोखणारे दुसरे कोणतेही साधन नसते. प्रवाहाचे नियमन शाईच्या स्वतःच्या दाटपणानेच व्हावे लागते.

झरणीत हे काम टोकाखालील जिभेकडे दिलेले असते. जिभेवरील बारीक खाचांतून शाई खाली येते व तेवढीच हवा वर जाते. त्यामुळे प्रवाह एकसारखा राहतो. या तत्त्वावर आधारलेल्या झरणीचे एकस्व (पेटंट) अमेरिकेतील लूइस एडसन वॉटरमन यांनी १८८४ मध्ये मिळविले. टाकाची शाई व झरणीची शाई यांतील बहुतेक सर्व भेद जिभेच्या या असण्या-नसण्यातून उद्भवलेले आहेत.

जुन्नरचा कागद : जुन्नर हे पुण्याच्या उत्तरेस सु. ९० किमी.वर शिवनेरी किल्ल्याच्या पायथ्याशी, कुकडी नदीच्या खोऱ्यात वसलेले गाव आहे. येथील कागदी म्हणून ओळखले जाणारे मुसलमान कारागीर हातकागद करीत आणि मराठेशाहीतील लिखापढीसाठी ‘जुन्नरी’ कागद प्रसिद्ध होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या पुणे जिल्ह्याविषयीच्या भागांत (१८८५) या उद्योगाची नोंद आहे. यंत्रावरील स्वस्त कागदाच्या प्रसारामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा उद्योग मागे पडत गेला. हातकागदाच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. त्यांपैकी पुणे येथे १९४० मध्ये सुरू झालेली हातकागद संस्था महत्त्वाची होय.

देशी हातकागदासाठी जुने दोर, गोणपाट, चिंध्या यांसारखा ताग-अंबाडीचा व सुताचा माल वापरीत. तो चुन्याच्या पाण्यात मुरवून, पायाने चालविण्याच्या उखळीत कुटून व नदीच्या पाण्यात पुनःपुन्हा धुऊन त्याचा लगदा करीत. पाण्यात कालविलेला लगदा गवताच्या काड्यांच्या चाळणीवर उचलला, की तीवर पातळ पापुद्रा राही. असे ताव दाबून त्यांतील पाणी काढीत व गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवीत. या अवस्थेतील कागद शाई शोषून घेणारा असतो. त्यास लिहिण्यायोग्य करण्यासाठी पिठाची पातळ खळ लावीत आणि वाळल्यावर अकीक वा अन्य गुळगुळीत दगडाने घोटीत. खळीने तंतूंमधील पोकळ्या भरतात व घोटण्याने पृष्ठभाग घट्ट होतो. परिणामी शाई खोल न मुरता पृष्ठभागावर राहते व अक्षराची कड स्वच्छ उमटते. खळ कमी पडलेल्या किंवा दमट हवेने मऊ झालेल्या कागदावर शाई ‘फुटते’, म्हणजे तंतूंच्या वाटेने रेषेबाहेर पसरते.

काजळाची शाई : पोथ्या, कीर्दी, पत्रे व सनदा यांसाठी महाराष्ट्रात दीर्घकाळ मुख्यतः काजळाची शाई वापरली गेली. तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर भांडे धरून जमविलेले काजळ बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात पुष्कळ वेळ खलून ती तयार करीत. काजळ हा अतिसूक्ष्म कणांच्या रूपातील कार्बन असून तो पाण्यात विरघळत नाही. डिंकामुळे हे कण पाण्यात तरंगत राहतात, शाईला दाटपणा येतो आणि वाळल्यावर कण कागदाला चिकटतात. काही कृतींत पाण्याऐवजी हिरड्याचा काढा घेत व मिश्रण लोखंडी भांड्यात खलीत. त्यामुळे काजळाच्या जोडीला थोडे लोह-टॅनेटही तयार होई.

दौतीत सुताचा किंवा रेशमाचा बोळा ठेवण्याची रीत होती. बोळ्यावर बोरू टेकविल्याने मोजकीच शाई उचलली जाते, थेंब गळत नाही व कणांचा साका तळाशी बसण्यास आळा बसतो. ओली अक्षरे लवकर वाळावीत म्हणून त्यांवर बारीक वाळू भुरभुरवीत. टीपकागद नंतरच्या काळात आला.

कार्बन रासायनिक दृष्ट्या अत्यंत स्थिर असल्याने त्यावर प्रकाशाचा व हवेचा परिणाम होत नाही. दोनतीनशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद आजही काळेभोर दिसतात ते यामुळेच. मात्र ही शाई कागदाच्या तंतूंशी रासायनिक रीत्या संयोग पावत नाही. पाणी लागल्यास डिंक विरघळतो व अक्षर पुसले जाऊ शकते. चूक दुरुस्त करण्यास हा गुण सोयीचा असला, तरी त्याचा उपयोग बनावट फेरफारासाठीही होऊ शकतो. पत्राच्या अखेरीस मोर्तबाचा शिक्का उमटवून मजकूर तेथे संपल्याचे दर्शविण्याची जी पद्धत मराठेशाहीत होती, तिने निदान मागाहून भर घालण्यास प्रतिबंध केला जाई.

हिरडा व लोहयुक्त शाई : हिरड्याचा वृक्ष (टर्मिनॅलिया चेब्युला) जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, विशेषतः भीमाशंकरच्या परिसरातील अरण्यात व शेतांच्या बांधांवर आढळतो. महादेव कोळी या आदिवासी जमातीच्या उपजीविकेत हिरड्याला मोठे स्थान आहे. उन्हाळ्यात गोळा करून वाळविलेली अपक्व फळे ‘बाळहिरडा’ या नावाने विकली जातात व ती मुख्यतः औषधांसाठी वापरतात. कातडी कमावणे, रंगाई व शाई यांसाठी पूर्ण वाढलेल्या फळाचा बी वगळून उरलेला भाग उपयोगी पडतो. कारण त्यात टॅनिनाचे प्रमाण भरपूर असते. यूरोपात हेच काम ओक वृक्षावरील गाठींनी, म्हणजे मायफळांनी केले.

हिरड्याच्या वा मायफळाच्या काढ्यात हिराकस (फेरस सल्फेट) घातला, की प्रथम फिकट रंगाचा व पाण्यात विद्राव्य असा संयोग तयार होतो. या विद्रावाने लिहिलेली अक्षरे आरंभी फिकी दिसतात. हवेतील ऑक्सिजनाने लोहाचे ऑक्सिडीभवन होऊन काही तासांत ती काळी होतात. हा काळा पदार्थ अविद्राव्य असून तो तंतूंच्या आतच तयार झालेला असल्याने पाण्याने धुऊन जात नाही व खरवडल्याविना निघत नाही. याच कारणाने यूरोपातील करारपत्रे व नोंदवह्या अनेक शतके या शाईने लिहिल्या गेल्या. इंग्रजी अंमलात ती निळी-काळी शाई म्हणून भारतीय कचेऱ्यांत रूढ झाली. अक्षर लिहिताक्षणी दिसावे म्हणून तीत निळे रंजकद्रव्य मिसळीत. काळा रंग मागाहून येई.

या शाईचा मोठा दोष तिच्या गुणाशीच निगडित आहे. विक्रियेत सल्फ्यूरिक अम्ल निर्माण होते व त्यामुळे कागदातील सेल्युलोजाचे जलविच्छेदन होते. टॅनिनाच्या मानाने हिराकस अधिक झाल्यास उरलेले लोह-आयन सेल्युलोजाच्या ऑक्सिडीभवनास चालना देतात. जुन्या यूरोपीय कृतींत मायफळे, हिराकस व डिंक यांचे प्रमाण पुष्कळदा ३:२:१ च्या आसपास असे. त्यात लोह गरजेपेक्षा जास्त होई. अशा शाईची अक्षरे कालांतराने तपकिरी होतात, त्यांभोवती पिवळसर वलय दिसू लागते, मजकूर पाठीमागे उमटतो आणि शेवटी अक्षराच्या जागी कागद तुटून पडतो. दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या अतिपावसाच्या पट्ट्यात ठेवलेल्या कागदांच्या बाबतीत म्हणून विशेष दक्षता आवश्यक ठरते.

झरणीची शाई : झरणीच्या शाईत कोणताही घन कण असून चालत नाही, कारण जिभेच्या खाचा केसाइतक्या अरुंद असतात. म्हणून तीत पाण्यात पूर्णपणे विरघळणारी कृत्रिम रंजकद्रव्ये घेतात. पाण्याचे प्रमाण बहुधा ९० टक्क्यांहून अधिक असते. शाई टोकाशी वाळू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल, प्रवाह सुलभ व्हावा म्हणून पृष्ठताण कमी करणारे द्रव्य आणि बुरशी येऊ नये म्हणून जंतुनाशक अल्प प्रमाणात घालतात. डिंक जवळजवळ नसतोच. याच्या परिणामी शाई पातळ व वाहती असते.

भारतीय मानकांत झरणीच्या शाईचे दोन वेगळे वर्ग मानले आहेत. लोह-गॅलो-टॅनेट शाईसाठी (आयएस २२०) ०.१ टक्का लोहाचे प्रमाण ठरविले असून रंजकद्रव्ययुक्त शाईसाठी (आयएस १२२१) स्वतंत्र मानक आहे. पहिल्या वर्गात लोह व अम्ल मर्यादित ठेवलेले असल्याने ती शाई झरणीत चालते व जुन्या लोहयुक्त शाईइतकी कागदास घातक नसते. दुसऱ्या वर्गातील शाई रंगांच्या विविधतेमुळे व स्वच्छ करण्याच्या सोयीमुळे अधिक लोकप्रिय झाली.

महाराष्ट्रात टाकाकडून झरणीकडे झालेले संक्रमण दि. प. दांडेकर व त्यांचे बंधू यांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या उद्योगाच्या वाटचालीत प्रतिबिंबित झाले आहे. आरंभी ‘हॉर्स ब्रँड’ या नावाने पाण्यात कालवून वापरावयाची शाईची पूड व वड्या तेथे तयार होत. त्यानंतर ‘कॅमल’ या नावाची झरणीची शाई बाजारात आली. पूड व वड्या यांत पाण्याचे प्रमाण वापरणाऱ्याच्या हाती असे व शाई टाकाला मानवेल इतकी दाट ठेवता येई. बाटलीबंद शाईबरोबर हे स्वातंत्र्य गेले.

झरणीची शाई टाकाने वापरणे : झरणीची शाई टाकाने वापरताना पुढील अडचणी येतात. पृष्ठताण कमी असल्याने टोकाच्या पोटाशी मोठा थेंब ठरत नाही. पहिल्या एकदोन अक्षरांतच बरीच शाई उतरून डाग पडतो व पुढील अक्षरे फिकी होत जातात. पाकळ्या फाकून काढलेल्या जाड रेषेत शाई साचते, वाळण्यास वेळ लागतो व सैल कागदावर ती फुटते. डिंक नसल्याने बारीक व जाड रेषांतील भेद बोथट होतो.

यांवरील उपाय साधे आहेत. नवे पोलादी टोक गंजू नये म्हणून त्यावर तेलाचा वा रोगणाचा थर दिलेला असतो. तो न काढल्यास शाई टोकावर पसरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होते. स्पिरिटच्या बोळ्याने किंवा साबणाच्या पाण्याने टोक पुसून घेतल्यास हा दोष जातो. टाक छिद्राच्या किंचित वरपर्यंतच बुडवावा आणि दौतीच्या काठाला टेकवून जादा शाई निथळू द्यावी. लिहिण्याची फळी सपाट असल्यास शाई लवकर उतरते; टाक आडवा धरल्यास प्रवाह मंदावतो.

मुख्य उपाय म्हणजे शाईला दाटपणा आणणे हा होय. बाभळीचा स्वच्छ डिंक चौपट पाण्यात भिजवून गाळून घेतात व या विद्रावाचे थेंब थोड्या शाईत एकेक करून मिसळतात. प्रत्येक थेंबानंतर, ज्या कागदावर लिहावयाचे त्याच कागदावर चाचणी घ्यावी. डिंक योग्य झाल्यास बारीक रेषा तुटत नाही व जाड रेषेची कड सरळ राहते. तो अधिक झाल्यास शाई टोकावरून सुटत नाही, अक्षर चकाकते व वाळल्यावर त्यास तडे जातात. डिंक नसल्यास थोडी शाई उघड्या वाटीत काही तास ठेवून तीतील पाणी उडू देणे हाही मार्ग आहे. त्याने रंगही गडद होतो.

शाई नेहमी मूळ बाटलीतून लहान दौतीत काढून घ्यावी आणि उरलेली परत बाटलीत ओतू नये. टाकाबरोबर कागदाचे तंतू, गंज व डिंक शाईत येतात. त्यामुळे बाटलीतील शाईला बुरशी येते व पुढे ती झरणीत भरल्यास खाचा तुंबतात. लेखन संपल्यावर टोक पाण्याने धुऊन कोरडे करावे. लोहयुक्त शाई अम्लधर्मी असल्याने पोलादी टोके तिने लवकर झिजतात. बोरूसाठी झरणीची शाई वापरताना दौतीत सुती बोळा ठेवण्याची जुनी रीत आजही उपयोगी पडते. कारण बोरूचे तंतू पातळ शाई भराभर शोषतात व तितक्याच वेगाने सोडतात.

टाकाने लिहिण्यात झरणीच्या शाईचे काही लाभही आहेत. एकाच बैठकीत अनेक रंग वापरता येतात, झरणी न भरता शाईची पारख करता येते आणि टोक नुसत्या पाण्याने स्वच्छ होते. याच्या उलट वापर मात्र करता येत नाही. काजळाची, लाखेची अथवा डिंक मिसळलेली शाई झरणीत भरल्यास ती जिभेत वाळून झरणी निकामी होते.

टिकाऊपणा व दस्तऐवज : तिन्ही शायांचे गुणदोष परस्परपूरक आहेत. काजळाची शाई प्रकाशाला दाद देत नाही, पण पाण्याला देते. लोहयुक्त शाई पाण्याला दाद देत नाही, पण कागदास पोखरते. रंजकद्रव्ययुक्त शाई कागदास सहसा अपाय करीत नाही. मात्र तिच्यातील बहुतेक रंग प्रकाशाने विटतात व पाण्याने पसरतात. म्हणजेच आज सर्वांत सुलभ असलेली शाई हीच टिकाऊपणाच्या बाबतीत सर्वांत दुबळी आहे. टाकाने लिहिताना दर रेषेत अधिक शाई उतरते व अक्षर गडद दिसते. परंतु त्या गडदपणाने तिचे पाण्यात विरघळणे थांबत नाही.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील हजारो रुमालांत बांधलेले मोडी कागद हे मराठ्यांच्या इतिहासाचे मुख्य साधन असून गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३०–३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. हे संपादन शक्य झाले, याचे एक कारण म्हणजे ते कागद वाचण्याजोगे राहिले होते. सामान्य कुटुंबांच्या बाबतीतही हेच खरे आहे. वतन, जमीन, जन्म व मृत्यू यांच्या जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभरातील कचेऱ्यांची जुनी दप्तरे उघडण्यात आली, तेव्हा शंभर व त्याहून अधिक वर्षांपूर्वीची एखादी ओळ वाचता येते की नाही, यावर अर्जदाराचा दावा अवलंबून राहिला.

शाईची ओळख : जुन्या कागदावरील शाई कोणत्या जातीची आहे, हे ठरविल्याशिवाय तिच्यावर उपचार करू नयेत. काजळाचे अक्षर निखळ काळे असून पृष्ठभागावर बसलेले दिसते. लोहयुक्त शाईचे अक्षर तपकिरी छटेचे, कडेला वलय असलेले व बहुधा मागील बाजूस उमटलेले असते. रंजकद्रव्याचे अक्षर निळे, जांभळे वा तांबडे असून उघड्या भागात फिकटलेले व घडीच्या आत गडद राहिलेले आढळते. अवरक्त प्रकाशातील छायाचित्रात काजळ काळेच राहते, लोहयुक्त शाई तरंगलांबी वाढत जाईल तसतशी फिकी होते व बहुतेक रंजकद्रव्ये दिसेनाशी होतात. त्यामुळे डागाखाली दडलेला काजळाचा मजकूर या पद्धतीने वाचता येतो. लोहयुक्त शाईतील अस्थिर लोह-आयन विशिष्ट दर्शक-कागदाच्या पट्टीने ओळखतात आणि त्यांचे निष्प्रभीकरण करण्यासाठी कॅल्शियम फायटेट व कॅल्शियम बायकार्बोनेट यांच्या विद्रावांचा उपचार १९९० नंतरच्या दशकात नेदर्लंड्समध्ये विकसित झाला. हा उपचार पाण्यातून होत असल्याने काजळाच्या किंवा रंजकद्रव्याच्या शाईच्या कागदावर तो घातक ठरू शकतो. एकाच कागदावर मूळ मजकूर काजळाचा व कचेरीचा शेरा निळ्या शाईचा असल्यास उपचारापूर्वी दोहोंची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते. घरगुती संग्रहातील कागद ओल्या बोळ्याने पुसणे, त्यांवर चिकटपट्टी लावणे किंवा ते उन्हात वाळविणे टाळावे. ते कोरड्या, अंधाऱ्या व हवेशीर जागी स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ठेवणे हितावह असते.

शाईची निवड : अक्षर गिरविणे, कित्ता काढणे व तात्पुरते लेखन यांसाठी डिंकाने किंचित दाट केलेली झरणीची कोणतीही रंजकद्रव्ययुक्त शाई पुरेशी असते. हातकागदावर लिहिताना त्यास खळ असल्याची खात्री करून घ्यावी. बिनखळीच्या कागदावर पातळ शाई कोणत्याही टाकाने नीट उमटत नाही. जे लेखन पुढील पिढ्यांनी वाचावयाचे आहे, त्यासाठी कार्बनयुक्त शाई किंवा अल्प लोहाची लोह-गॅलो-टॅनेट शाई घ्यावी. कार्बनाच्या शाईने लिहिलेला कागद पाण्यापासून व लोहयुक्त शाईने लिहिलेला कागद दमट हवेपासून जपावा. अलीकडे रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कण स्थिर केलेल्या, पाणी व प्रकाश यांस दाद न देणाऱ्या झरणीच्या शायाही उपलब्ध झाल्या असून त्या टाकासही चालतात. मात्र त्या वाळण्यापूर्वीच टोक धुणे आवश्यक असते.